चित्राखालच्या चार ओळी: ऑनलाइन संग्रहालयं आणि अभिलेखागारं कशी वाचायची

जपानी चित्रकार होकुसाईची ‘मोठी लाट’ बहुतेकांच्या नजरेखालून गेलेली असते. उसळलेलं निळं पाणी, फेसाला फुटलेली नखं, लाटेच्या तावडीत सापडलेल्या तीन होड्या आणि मागे इवलासा फुजी पर्वत. एकदा एवढं करून बघा. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम, आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो आणि लंडनचं ब्रिटिश म्युझियम या तिघांच्या ऑनलाइन संग्रहात ही लाट शोधा आणि सापडतील तेवढ्या प्रती शेजारी शेजारी उघडा. वर डाव्या बाजूला चित्राचं नाव लिहिलेली उभी चौकट आहे. तिच्या कडेवर झूम करा. एखाद्या प्रतीत कडेची रेघ अखंड दिसते, एखाद्या प्रतीत ती मधेच तुटलेली असते. आकाशाचा रंगही सगळीकडे सारखा नाही.

कारण हे चित्र एकच नाही. १८३१ च्या आसपास लाकडी ठशांवरून त्याच्या प्रती छापल्या गेल्या आणि आज जगभरात त्यातल्या शंभराहून अधिक प्रती माहीत आहेत. ठसा जसा वापरला जातो तशा त्याच्या बारीक रेघा झिजतात आणि तुटतात. म्हणजे तुटकी रेघ दिसली की ती प्रत नंतरची. पुस्तकात छापलेल्या एका चित्रावरून हे कधीच कळलं नसतं. तीन शहरांतल्या तीन प्रती एका पडद्यावर आल्या म्हणून ते घरबसल्या दिसलं.

संग्रहालयांचे आणि अभिलेखागारांचे, म्हणजे जुनी कागदपत्रं जपणाऱ्या संस्थांचे, डेटाबेस आता सगळ्यांना खुले आहेत. तरी बहुतेक लोक तिथे जातात, शोधाच्या चौकटीत एक शब्द टाकतात, चार सुंदर चित्रं पाहतात आणि बाहेर पडतात. मीही बरेच दिवस एवढंच करायचो. मग लक्षात आलं की खरा ऐवज चित्राखालच्या बारीक अक्षरांतल्या ओळींत असतो. त्या ओळींना नोंद म्हणतात, आणि नोंद वाचता आली की एका वस्तूवरून दुसरीकडे, दुसरीवरून तिसरीकडे वाट निघत जाते.

एका क्रमांकाची गोष्ट

मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या फ्रेंच चित्रकार मोनेच्या एका चित्राची नोंद घेऊ. कमळांच्या तळ्यावरचा पूल, साल १८९९. नोंदीत एक क्रमांक दिसतो: २९.१००.११३. हा दाखल क्रमांक, म्हणजे वस्तू संग्रहालयात आली तेव्हा तिला मिळालेली कायमची ओळख. पहिला आकडा सालाचा, १९२९. दुसरा आकडा त्या वर्षी आलेल्या एका विशिष्ट गठ्ठ्याचा. तिसरा त्या गठ्ठ्यातल्या वस्तूचा. म्हणजे हे चित्र एकटं आलेलं नाही, त्याच्यासोबत निदान शंभरेक वस्तू आल्या, हे आकडा पाहूनच समजतं.

त्याच नोंदीत देणगीची ओळ असते. तिथे लिहिलंय की हे चित्र श्रीमती एच. ओ. हॅवमायर यांच्या मृत्युपत्रानुसार १९२९ साली आलं. आता मेट्रोपॉलिटनकडच्या होकुसाईच्या लाटेची नोंद उघडा, क्रमांक जेपी १८४७. देणगीची ओळ वाचा. तेच नाव, तेच साल!

दोन वेगळ्या दालनांत ठेवलेल्या, दोन वेगळ्या देशांतल्या वस्तू एकाच घरातून आल्या होत्या. हॅवमायर हे नाव शोधात टाकलं की देगासची चित्रं येतात, आणखी जपानी छापचित्रं येतात, आणि हळूहळू लुईझिन हॅवमायर ही बाई उभी राहते. मेरी कसाट ही चित्रकार तिची मैत्रीण. फ्रेंच चित्रकारांचं नवं काम अमेरिकेत फारसं कोणी विचारत नव्हतं, तेव्हा काय विकत घ्यावं याचा सल्ला कसाट तिला देत असे. पुढे लुईझिन स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतही उतरली. आणि मोने स्वतः जपानी छापचित्रं गोळा करायचा, त्याच्या बागेतला तो पूलही जपानी धाटणीचा. एका बारीक ओळीतून केवढं निघालं बघा. ‘सुंदर निसर्गचित्र’ असं शोधून हे कधी हाती लागलं नसतं.

माझी पद्धत आता हीच झाली आहे. आवडलेली एकच वस्तू धरायची आणि तिच्या नोंदीतली प्रत्येक ओळ पुढच्या शोधासाठी वापरायची.

‘याचं’ आणि ‘याच्यासारखं’

कलाकाराच्या नावाआधी येणारे छोटे शब्द नीट वाचायला हवेत. नुसतं ‘रेम्ब्रांट’ असं त्या डच चित्रकाराचं नाव लिहिलं असेल तर संग्रहालय खात्रीने म्हणतंय की हे त्याच्या हातचं. ‘अट्रिब्यूटेड टू’ म्हणजे त्याचं असावं असा तज्ज्ञांचा कल आहे, पण पक्कं नाही. ‘वर्कशॉप ऑफ’ म्हणजे त्याच्या चित्रशाळेत, बहुधा शिष्यांच्या हातून झालेलं. ‘सर्कल ऑफ’ म्हणजे त्याच्या काळातला, त्याच्या प्रभावातला कोणीतरी अनाम चित्रकार. ‘मॅनर ऑफ’ म्हणजे शैली त्याची, पण काम कदाचित खूप नंतरचं. ‘आफ्टर’ हा शब्द सगळ्यात जास्त फसवतो. त्याचा अर्थ त्याच्या मूळ चित्रावरून दुसऱ्या कोणी केलेली नक्कल.

हे शब्द बदलतातही. बर्लिनमधलं सोनेरी शिरस्त्राण घातलेल्या माणसाचं चित्र अनेक पिढ्या रेम्ब्रांटचं म्हणून नावाजलेलं होतं. १९८० च्या दशकात तपासणी झाली आणि ते त्याच्या वर्तुळातल्या कोणाचं तरी ठरलं. चित्र तेच, रंग तेच, फक्त नोंदीतला एक शब्द बदलला. म्हणून जुन्या पुस्तकात एक नाव आणि डेटाबेसमध्ये दुसरं दिसलं तर गोंधळू नका. पुस्तक छापून झालं की थांबतं, नोंद मात्र दुरुस्त होत राहते.

पूर्णविराम आणि अर्धविराम

सगळ्यात जास्त वेळ मी ‘प्रॉव्हेनन्स’ या भागावर घालवतो. हा वस्तूच्या मालकीचा इतिहास. कोणाकडून कोणाकडे गेली, कधी विकली गेली, कुठल्या लिलावात निघाली. अनेक अमेरिकन संग्रहालयं हा इतिहास लिहिताना एक नियम पाळतात. दोन मालकांच्या नावांमध्ये अर्धविराम असेल तर वस्तू पहिल्याकडून थेट दुसऱ्याकडे गेली. पूर्णविराम असेल तर मधे खंड आहे, तेवढ्या काळात ती कुठे होती ते माहीत नाही.

आता एखाद्या चित्राच्या इतिहासात १९३३ च्या आधी एक नाव आहे, मग पूर्णविराम, आणि पुढचं नाव थेट १९४५ नंतरचं आहे असं समजा. तो पूर्णविराम साधा नाही. त्या वर्षांत नाझी राजवटीने ज्यू कुटुंबांची चित्रं लुटली, किंवा मातीमोल किमतीत विकायला भाग पाडलं. १९९८ साली वॉशिंग्टनमध्ये चाळीसहून अधिक देशांनी अशा कलाकृती शोधून काढण्याची तत्त्वं मान्य केली. त्यानंतर कितीतरी संग्रहालयांनी आपल्याकडच्या चित्रांचा मालकी-इतिहास ऑनलाइन मांडायला घेतला, तोही मधले खंड न लपवता. जर्मनीत ‘लॉस्ट आर्ट’ नावाचा स्वतंत्र डेटाबेस आहे. हरवलेल्या कलाकृतींच्या आणि सापडलेल्या पण मालक न कळलेल्या कलाकृतींच्या नोंदी तिथे एकत्र पाहता येतात.

याच वाटेवरचं दुसरं मोठं काम म्हणजे ‘डिजिटल बेनिन’. आजच्या नायजेरियातल्या बेनिन राज्यावर १८९७ साली ब्रिटिश सैन्याने हल्ला केला. राजवाड्यातल्या पितळी आणि हस्तिदंती वस्तू लुटल्या गेल्या आणि जगभर विखुरल्या. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये हा डेटाबेस खुला झाला, तेव्हा त्यात २० देशांतल्या १३१ संस्थांकडच्या ५,००० हून अधिक वस्तू एकत्र आल्या. मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट: वस्तूंची नावं तिथे बेनिनच्या लोकांच्या एडो भाषेतही दिली आहेत. संग्रहालयाच्या कपाटात शंभर वर्षं जी वस्तू नुसती ‘घंटा’ किंवा ‘फलक’ होती, तिला तिच्या माणसांनी दिलेलं नाव परत मिळालं.

अभिलेखागाराची तऱ्हा वेगळी

इथवर संग्रहालयांचं झालं. ऐतिहासिक कागदपत्रांच्या डेटाबेसमध्ये गेलात की हीच सवय कामाला येत नाही, आणि नव्या माणसाची निराशा इथेच होते. संग्रहालयात प्रत्येक वस्तूची वेगळी नोंद असते. अभिलेखागारात प्रत्येक कागदाची नसते. तिथे नोंद असते ती दप्तराची, पेटीची, फार तर एका फाइलची. फाइलच्या आत दोनशे पत्रं असतील तरी कॅटलॉगमध्ये ओळ एकच, ‘पत्रव्यवहार’ आणि पुढे दोन सालं. तुम्ही हवं ते नाव टाकता, उत्तर येतं शून्य, आणि तुम्ही समजता की कागद नाहीत. कागद असतात. ते नाव कोणी टंकलेलं नसतं, इतकंच.

यामागे जुना नियम आहे. फ्रान्समध्ये १८४१ साली तो शासकीय पातळीवर घालून दिला गेला: ज्या कचेरीतून कागद आले त्या कचेरीचं दप्तर एकत्र ठेवायचं, विषयवार फोडायचं नाही. एखादा कागद कोणी, कशासाठी आणि कशाला उत्तर म्हणून लिहिला हे त्याच्या मागचे-पुढचे कागद पाहूनच समजतं. दप्तर फोडलं की तो संदर्भ गेला.

म्हणून अभिलेखागारात ‘हे कशाबद्दल आहे’ असं विचारून भागत नाही. ‘असा कागद त्या काळी कोणत्या कचेरीत तयार झाला असता’ असं विचारावं लागतं. इराणच्या आखातातल्या बंदरांचा एकोणिसाव्या शतकातला इतिहास हवा असेल तर तो मोठ्या प्रमाणावर लंडनमध्ये आहे, तोही ‘इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स’मध्ये, म्हणजे हिंदुस्थानच्या ब्रिटिश कारभाराच्या दप्तरात. कारण इराणमधल्या बुशेहर बंदरातला ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे सरकारचा प्रतिनिधी, हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सरकारच्या हाताखाली काम करायचा, त्याचा पत्रव्यवहार तिकडेच जायचा. हे कागद आता ‘कतार डिजिटल लायब्ररी’वर वाचता येतात. भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वरही हाच न्याय. एखाद्या राजकीय कार्यकर्त्याचं नाव टाकून काही आलं नाही, तर गृह विभागाची राजकीय शाखा आणि ते साल धरून फायलींची यादी चाळावी. सरकारने त्याच्यावर पाळत ठेवली असेल, तर कागद तिथे असण्याचा संभव जास्त.

अशी यादी चाळणं कंटाळवाणं वाटतं हे खरं. पण शेजारच्या फायलींची नावं वाचताना जे अचानक हाती लागतं ते शोधाच्या चौकटीतून येत नाही.

शब्द, स्पेलिंग आणि तारखा

डेटाबेसला तुमचा अर्थ कळत नाही, त्याला फक्त अक्षरं जुळवता येतात. त्यामुळे जुन्या कागदांसाठी जुनी नावं टाकावी लागतात. सेंट पीटर्सबर्ग १९१४ साली पेट्रोग्राड झालं, १९२४ साली लेनिनग्राड आणि १९९१ साली पुन्हा सेंट पीटर्सबर्ग. १९२० सालचा कागद आजच्या नावाने शोधलात तर तो निसटू शकतो. माणसांचंही तेच. होकुसाईने आयुष्यात तीसएक नावं घेतली. यावर उपाय म्हणून गेटी संस्थेने कलाकारांच्या नावांचा एक मोठा कोश ऑनलाइन ठेवला आहे. एकाच माणसाची सगळी नावं आणि स्पेलिंगं तिथे एकाखाली एक मिळतात. शोध सुरू करण्याआधी दोन मिनिटं तिथे घालवली तर पुढचे दोन तास वाचतात.

चित्रात काय दिसतं यावरून शोधायचं असेल तर ‘आयकॉनक्लास’ ही पद्धत आहे. नेदरलँड्समधल्या लायडनचे प्राध्यापक हेन्री व्हॅन डे वाल यांनी ती उभी केली. तिथे प्रत्येक विषयाला सांकेतिक क्रमांक असतो. कुत्र्याला ३४बी११, मांजराला ३४बी१२. चित्राचं शीर्षक डच भाषेत असो की जर्मन, संकेत एकच. भाषा न येता त्या भाषेतल्या संग्रहात शिरता येतं.

जुनी वर्तमानपत्रं आणि पुस्तकं शोधताना आणखी एक अडचण येते. तिथला मजकूर बहुतेक वेळा यंत्राने वाचलेला असतो, आणि यंत्र चुकतं. अठराव्या शतकातल्या इंग्रजी छपाईत ‘एस’ हे अक्षर शब्दाच्या मधे लांबट काढत, ते ‘एफ’सारखं दिसतं. यंत्र ते ‘एफ’च वाचतं. मग नेमका शब्द टाकूनही पान सापडत नाही, मुद्दाम चुकीचं स्पेलिंग टाकलं की सापडतं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’वर वाचक स्वतः अशा चुका दुरुस्त करतात, आणि ती दुरुस्ती पुढच्या प्रत्येक शोधात उपयोगी पडते. हस्तलिखितांसाठी ‘ट्रान्सक्रिबस’सारखी साधनं आली आहेत. एका हाताच्या अक्षराची काही पानं माणसाने वाचून दिली की तेच अक्षर असलेली पुढची पानं ते वाचू लागतं.

तारखांचं थोडक्यात. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे फेब्रुवारी १७०० असं लिहिलेलं पत्र आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७०१ चं असू शकतं. नोंदीत ‘१७००/१’ असं दिसलं तर ती टंकलेखनाची चूक समजू नका.

एवढं मोठं चित्र पडद्यावर येतं कसं

ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०२२ च्या जानेवारीत रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’चं एक छायाचित्र खुलं केलं. त्यात ७१,७०० कोटी पिक्सेल आहेत. ८,४३९ वेगवेगळी छायाचित्रं काढून ती जोडली आहेत. दोन पिक्सेलमधलं अंतर ५ मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशीपेक्षाही कमी. झूम करत गेलात की चेहरा जातो, डोळा उरतो. डोळा जातो, रंगाच्या भेगा आणि रंगद्रव्याचे कण उरतात.

एवढी फाइल तुमच्या फोनवर उतरत नाही, उतरणारही नाही. चित्राचे लहान लहान चौकोनी तुकडे आधीच पाडून ठेवलेले असतात, तेही अनेक पातळ्यांवर. लांबून पाहायला मोजकेच ढोबळ तुकडे, जवळून पाहायला असंख्य बारीक. तुम्ही जिथे पाहताय तेवढेच तुकडे मागवले जातात. बाकीचं चित्र तिकडेच राहतं.

वेगवेगळ्या संस्थांनी चित्रं अशी देण्याची एक समान रीत ठरवली आहे, तिला ‘ट्रिपल-आय-एफ’ म्हणतात. तिचा खरा फायदा असा की दोन संस्थांची चित्रं एकाच खिडकीत शेजारी ठेवता येतात. फ्रान्समधल्या शातोरू गावच्या ग्रंथालयात एक मध्ययुगीन हस्तलिखित आहे. त्यातली काही चित्रं कधीकाळी कोणीतरी कापून नेली. ती आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. पानं एकीकडे, चित्रं दुसरीकडे. या रीतीमुळे पडद्यावर ती चित्रं पुन्हा आपापल्या जागी बसवता आली. पानातलं भोक आणि त्यावर नेमकं बसणारं चित्र पाहिलं तेव्हा माझा हात माउसवरच थांबला होता.

वापरायची परवानगी

चित्र दिसतंय म्हणजे ते कुठेही वापरता येतं असं नाही. नोंदीच्या तळाशी हक्कांची ओळ असते, ती वाचा. ‘सीसी झीरो’ म्हणजे पूर्ण मोकळीक. मेट्रोपॉलिटनने २०१७ साली ३,७५,००० चित्रं अशी खुली केली, अमेरिकेतल्याच स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या संस्थेने २०२० साली २८ लाख. ब्रिटिश म्युझियमची चित्रं व्यावसायिक नसलेल्या कामासाठी, श्रेय देऊन वापरता येतात. कलाकृती कितीही जुनी असली तरी तिच्या छायाचित्राच्या हक्काबद्दल देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत, म्हणून अंदाजावर जाऊ नये.

जे दिसत नाही ते

मेट्रोपॉलिटनकडे १५ लाखांहून अधिक वस्तू आहेत. २०१७ साली जी चित्रं खुली झाली ती पावणेचार लाख. अभिलेखागारांत हे प्रमाण त्याहूनही कमी असतं. आधी काय स्कॅन झालं हे पैसा, मागणी आणि कागदाची अवस्था यांवर ठरतं. त्यामुळे ‘ऑनलाइन मिळालं नाही’ एवढ्यावरून ‘असं काही नव्हतंच’ असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरतं.

आणि जे आज आहे ते उद्या उघडेलच असंही नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. डिजिटल हस्तलिखितं कित्येक महिने बंद राहिली. ज्यांनी आपल्या वहीत नुसते दुवे उतरवले होते त्यांच्या हाती काही उरलं नाही. ज्यांनी दाखल क्रमांक लिहून ठेवले होते त्यांना निदान काय मागायचं ते माहीत होतं. म्हणून कुठलीही वस्तू आवडली की चार गोष्टी उतरवून ठेवाव्यात: संस्थेचं नाव, क्रमांक, नोंदीतलं शीर्षक आणि तुम्ही पाहिलं ती तारीख.

याच क्रमांकाचा आणखी एक उपयोग आहे. बहुतेक नोंदींखाली संस्थेला लिहिण्याची सोय असते, आणि तिथे लिहिलेलं खरोखर वाचलं जातं. ‘तुमच्याकडे अमुक विषयाचं काय आहे’ असं मोघम विचारलं तर मोघम उत्तर येतं. क्रमांक देऊन लिहा की या वस्तूच्या पाठीमागच्या बाजूचं छायाचित्र आहे का, तिथे एखादा शिक्का, चिठ्ठी किंवा जुना लिलाव क्रमांक दिसतो का. चित्राची पुढची बाजू बहुतेकांनी पाहिलेली असते, पाठ क्वचितच कोणी मागतं. आणि एखाद्या अक्षराचं वाचन, गावाचं नाव किंवा भाषा नोंदीत चुकलेली दिसली आणि तुम्हाला ती येत असेल, तर तेही त्याच पत्रात लिहा.